मॅग्लेवची आठ मिनिटे

शांघाय पाहून आलेला आपला पुढारी किंवा अधिकारी आधी मॅग्लेवबद्दल बोलतो. रुळाला न टेकता चुंबकाच्या जोरावर धावणारी गाडी, डब्यातल्या पाटीवर भराभर चढत जाणारा ताशी ४३१ किलोमीटरपर्यंतचा आकडा, आणि पुडोंग विमानतळापासूनचे तीस किलोमीटर आठ मिनिटांत खलास. (२०२१ पासून या वेगाला लगाम बसला आहे, गाडी आता ताशी ३००ने जाते, पण गोष्ट सांगताना आकडा जुनाच येतो.) मग हुआंगपू नदीकाठचे मनोरे, ४६८ मीटर उंचीचा ओरिएंटल पर्ल टॉवर आणि पीपल्स स्क्वेअरमधल्या नगररचना प्रदर्शनात मांडलेली शहराची भलीमोठी प्रतिकृती. पाहुणा वरून ती न्याहाळतो आणि मनातल्या मनात तिच्या जागी मुंबई, पुणे, नाशिक बसवून बघतो.

एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. ही गाडी शहराच्या मध्यापर्यंत जातच नाही. लोंगयांग रोड नावाच्या स्थानकावर ती संपते आणि पुढे बॅगा ओढत साधी मेट्रो पकडावी लागते. ती तिथेच का संपली, हे मला तिच्या वेगापेक्षा महत्त्वाचे वाटते. पण त्याकडे मागाहून येतो.

‘मुंबईचे शांघाय’ या स्वप्नाला वीस वर्षे उलटून गेली. बॉम्बे फर्स्ट ही संस्था आणि मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी यांचा ‘व्हिजन मुंबई’ अहवाल २००३चा. पाच वर्षांत लोक शांघाय विसरून मुंबईचे नाव घेतील, अशी आशा पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २००४ मध्ये बोलून दाखवली. मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या सरकारने त्याच हिवाळ्यात मुंबईतल्या ऐंशी-नव्वद हजार झोपड्या पाडल्या. पुढच्याच पावसाळ्यात, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदीने आपली जागा परत घेतली, आणि ‘शांघाय’ हा शब्द मुंबईत बराच काळ टोमण्यापुरता उरला. शांघायहून आपण आणले काय, तर बुलडोझर. त्याच्यामागे तिथे जी व्यवस्था उभी होती, चांगली आणि वाईट दोन्ही, तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

म्हणून परदेशातल्या शहराशी व्यापार जोडायला निघालेल्या शिष्टमंडळाला मी एकच प्रश्न विचारीन. तुम्ही आपल्या शहराच्या वतीने एखादा शब्द देऊ शकता का, आणि दिलात तर घरी येऊन तो पाळू शकता का? आपल्या महापालिकांना आणि बऱ्याच अंशी आपल्या राज्य सरकारांनाही या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देता येत नाही. देवाणघेवाण करायला हातात काही नसले की माणूस इमारती पाहतो आणि सामंजस्य करारावर सही करतो. त्या कागदाचे मोठे सुख असे, की तो मोडला तरी कोणाला विचारता येत नाही.

दोन्ही बाजू टेबलाशी बसतात तेव्हा मध्ये दोन छोटे झेंडे असतात आणि दोन्हीकडच्या पाट्यांवर एकच शब्द असतो, महापौर. फसगत तिथूनच सुरू होते. शांघाय हे थेट बीजिंगच्या अखत्यारीतल्या चार शहरांपैकी एक, म्हणजे दर्जाने प्रांताच्या बरोबरीचे. तिथला महापौर शहरातला पहिला माणूस नव्हे, दुसरा. पहिला म्हणजे पक्षाचा सचिव. आपण शाल घालतो ती बहुधा दुसऱ्याला. पण हा दुसराही साधा नसतो. १९८५ मध्ये महापौर झालेले जियांग झेमिन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १९८८चे महापौर झू रोंगजी दहा वर्षांनी पंतप्रधान झाले. शी जिनपिंग २००७ मध्ये काही महिने शांघायचे पक्षसचिव होते, आणि नंतर त्याच खुर्चीवर पाच वर्षे बसलेले ली च्यांग २०२३ मध्ये पंतप्रधान झाले. शहर चालवणे ही तिथे दिल्लीच्या, म्हणजे बीजिंगच्या, जिन्याची पायरी आहे.

या माणसाच्या हातात काय असते? चीनमधल्या एकूण सरकारी खर्चापैकी सुमारे ८५ टक्के खर्च स्थानिक सरकारे करतात. शहरातली जमीन राज्याच्या मालकीची, आणि १९८८च्या घटनादुरुस्तीनंतर तिच्या वापराचा हक्क विकता येतो: घरांसाठी ७० वर्षे, कारखान्यांसाठी ५०, दुकाने-हॉटेलांसाठी ४०. शहराच्या स्वतःच्या गुंतवणूक कंपन्या असतात, बँका कर्ज देतात. तो ‘जागा देतो, रस्ता आणून देतो, वीज देतो’ म्हणाला, की तिन्ही गोष्टी त्याला देता येतात.

आता आपला महापौर. मुदत अडीच वर्षे. मुंबईत १८८८च्या कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. जमीन म्हणावी तर ती पोर्ट ट्रस्टची, रेल्वेची, म्हाडाची, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची. मेट्रो एमएमआरडीए आणि तिच्या बहीणभावंडांची. जकात हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली आणि तिच्या बदल्यात राज्याकडून हप्ता येऊ लागला. ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी अठरा विषयांची यादी दिली त्याला तीस वर्षे झाली, यादी अजून यादीच आहे. त्यावर कडी म्हणजे मार्च २०२२ पासून पुढे तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईला निवडून आलेली महापालिकाच नव्हती. शाल घ्यायलाही महापौर नव्हता.

सप्टेंबर २०१४ मध्ये शी जिनपिंग भारतात आले तेव्हा मुंबई आणि शांघाय ही भगिनी शहरे झाली. एकीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तर दुसरी दळणाच्या पैशांसाठी थोरल्या जावेच्या तोंडाकडे बघणारी. अशा बहिणींनी एकमेकींना काय द्यायचे? द्यायच्या त्या भेटवस्तू.

याहून बोलके उदाहरण मराठवाड्यातले आहे. पंतप्रधान मोदींच्या मे २०१५च्या चीन दौऱ्यात औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आणि गान्सू प्रांतातले दुनहुआंग यांची जोडी जमली. जोडी खरोखर सुरेख. एकीकडे अजिंठा-वेरूळ, दुसरीकडे मोगाओची लेणी. ह्युएनत्सांग सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला, आणि मायदेशी परतताना त्याची वाट दुनहुआंगवरूनच गेली. त्याच्यासोबत ना शिष्टमंडळ होते ना करार, पण त्याने लिहून ठेवलेले आपण अजून वाचतो.

दुनहुआंगकडून शिकण्यासारखे पुष्कळ होते. तिथली संशोधन संस्था १९४४ची. गेटी संस्थेबरोबर तिने १९८९ पासून भित्तिचित्रांच्या जतनाचे काम केले. माणसाच्या श्वासाने आणि घामाने चित्रे खराब होतात हे मोजून तिने दिवसाला किती माणसे आत सोडायची याचा आकडा ठरवला. २०१४ पासून पाहुण्याला लेण्यांपासून दूर बांधलेल्या केंद्रात आधी चित्रपट दाखवतात. लेणे मोठ्या पडद्यावर पाहून झाले की गुहेत थोडा वेळ पुरतो. अजिंठ्यातही जपानच्या कर्जातून लेण्यांच्या प्रतिकृतींसह असे केंद्र उभे राहिले होते, आणि पाण्याविजेच्या थकलेल्या बिलांपायी ते बंद पडायची वेळ आली. म्हणजे दोन शहरांनी बसून बोलावे असा नेमका विषय समोर होता. पण बोलणार कोण? मोगाओची संस्था गान्सू प्रांताची, तिचा माणूस टेबलाशी आणता येतो. अजिंठा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे, पाहुण्यांचे केंद्र राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे, आणि करारात जिचे नाव त्या महापालिकेपुढचा रोजचा प्रश्न असा, की नळाला पाणी कितव्या दिवशी येणार. लेणी लांबच राहिली.

यावर कोणी म्हणेल, अधिकार नसतील तर नसोत, पाहून शिकायला काय हरकत आहे? काहीच नाही. पण शिकायला जाणे ही वेगळी कला आहे, आणि ती चिन्यांनी आपल्यापेक्षा मनावर घेतली. मे-जून १९७८ मध्ये उपपंतप्रधान गू मू वीसेक अधिकारी घेऊन फ्रान्स, स्वित्झर्लंड, बेल्जियम, डेन्मार्क आणि पश्चिम जर्मनी असे पाच देश हिंडले. परतल्यावर त्यांनी पक्षाच्या वरिष्ठांपुढे पाहिलेले तपशीलवार मांडले. पुढे ज्या सुधारणा आल्या त्यांच्या मुळाशी ती टिपणे होती.

१९८५चा दौरा त्याहून लहान आणि मला जास्त आवडणारा. हेबेई प्रांतातल्या चंगडिंग या तालुक्याचा एकतीस वर्षांचा पक्षसचिव पाच जणांचे मंडळ घेऊन अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गेला. हेबेई आणि आयोवा १९८३ पासून भगिनी राज्ये होती. विषय होता जनावरांचा खुराक. मस्कटीन नावाच्या गावात हा सचिव एका कुटुंबाच्या घरी दोन रात्री राहिला, शेते पाहिली, मका पाहिला. त्याचे नाव शी जिनपिंग. २०१२ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष म्हणून तो मुद्दाम त्या गावी परत गेला, आणि १९८५ मध्ये आयोवाचे गव्हर्नर असलेले टेरी ब्रॅनस्टॅड २०१७ मध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून बीजिंगला पोहोचले. तालुक्याच्या पातळीवरची ओळख बत्तीस वर्षे सांभाळली गेली. (चंगडिंगला लागूनच शिजियाझुआंग शहर आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जे १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, त्यांची समाधी या शहरात आहे. आपल्याकडून गेलेल्यांच्या प्रत्येक भाषणात कोटणीस येतात; सोलापूरच्या कापडाचे काय करायचे ते क्वचित येते.)

खुराक हा विषय पाहा. ‘द्विपक्षीय सहकार्याची नवी क्षितिजे’ असला विषय घेऊन ती माणसे गेली नव्हती. डुकराला काय घालावे, किती घालावे, हे विचारायला गेली होती. आपल्याकडे ‘अभ्यासदौरा’ हा शब्द ऐकला की लोक हसतात, आणि लोकांचे चुकत नाही. दौरा असतो, अभ्यास नसतो. किती सर्वसाधारण सभांपुढे परदेश दौऱ्याचे लेखी टिपण ठेवले गेले आणि त्यावर चर्चा झाली? त्यावरून दौरेच बंद करा म्हणणारे मात्र मला पटत नाहीत. नगरसेवकाने जग पाहिले पाहिजे, आमदारापेक्षाही आधी, कारण गटार त्याच्या वॉर्डात तुंबते.

मला पाठवायचेच झाले, तर मी मंडळ शांघायला न पाठवता यीवूला पाठवीन. जच्यांग प्रांतातले हे छोटे शहर आज जगाचा किरकोळ माल विकते; तिथल्या बाजारात पंचाहत्तर हजार गाळे आहेत. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास जा, दिव्यांच्या माळा, टिकल्या, पिना, खेळणी यांचा धंदा करणाऱ्याला यीवू विचारा. कोणत्याही शिष्टमंडळापेक्षा तो जास्त सांगेल. पण बाजार जन्मला कसा, ते सरकारी माणसाने ऐकण्यासारखे आहे. यीवूची जमीन नापीक. तिथले शेतकरी हिवाळ्यात खांद्यावर कावड घेऊन गावोगाव हिंडायचे, गुळासाखरेच्या वड्या देऊन कोंबडीची पिसे घ्यायचे. आपल्याकडे बोहारीण जुन्या लुगड्यावर भांडे देते, तसा हिशेब. या फेरीवाल्यांनी रस्त्यावर बाजार मांडला, आणि खासगी व्यापार हा तेव्हा गुन्ह्याच्या काठावरचा प्रकार असल्याने अधिकारी त्यांना हुसकावत. १९८२ मध्ये तालुक्याचे पक्षसचिव शिए गाओहुआ यांनी तो बाजार अधिकृत करून टाकला. वरून आदेश नव्हता. निस्तरायची वेळ आली तर निस्तरणारा तोच होता.

आता हे उदाहरण घेऊन एखादे मंडळ दादरला किंवा ठाण्याला परतले, तर? फेरीवाल्यांचा कायदा संसदेने २०१४ मध्येच केला आहे. त्यात फेरीवाल्यांची समिती आहे, त्यांच्यासाठी जागा आखून देणे आहे. बहुतेक शहरांत ते काम अर्धवट आहे. त्यासाठी विमानाचे तिकीटही लागत नाही.

इथवर वाचून मी चिनी कारभाराची आरती ओवाळतो आहे असे वाटले असेल. तसे नाही. ज्या किल्ल्यांचा मी उल्लेख केला त्यांनीच त्या शहरांची तिजोरीही रिकामी केली. १९९४च्या करसुधारणेने महसुलाचा मोठा वाटा बीजिंगने नेला आणि खर्च शहरांकडे राहिला. शहरांनी खड्डा भरला जमीन विकून. शेतकऱ्याला पिकाच्या हिशेबाने मोबदला द्यायचा आणि तीच जमीन बिल्डरला शहराच्या भावाने द्यायची. २०२१ मध्ये जमिनीच्या हक्कविक्रीतून स्थानिक सरकारांना ८.७ लाख कोटी युआन मिळाले. घरबांधणीचा फुगा फुटला आणि २०२४ पर्यंत तो आकडा ४.९ लाख कोटींच्या आसपास आला. शहरांच्या गुंतवणूक कंपन्यांनी काढलेली छुपी कर्जे निस्तरण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये बीजिंगला १० लाख कोटी युआनची योजना आणावी लागली. नदीकाठच्या मनोऱ्यांकडे बघताना हा ताळेबंद दिसत नाही. बांधकाम मोजता येते, उधारी विचारावी लागते.

चिनी शहराचा शब्द पक्का असतो हेही अर्धेच खरे. सिंगापूरला हे सुचौमध्ये कळले. १९९४ मध्ये दोन देशांच्या सरकारांनी मिळून तिथे औद्योगिक वसाहत सुरू केली, सिंगापूरचा वाटा ६५ टक्के. सुचौच्या स्थानिक सरकारची त्याच शहरात स्वतःची दुसरी वसाहत होती, आणि गुंतवणूकदारांना ते तिकडे ओढू लागले. सिंगापूरचे ज्येष्ठ नेते ली क्वान यू यांनी जाहीर नाराजी बोलून दाखवली. शेवटी २००१ मध्ये सिंगापूरने आपला वाटा ३५ टक्क्यांवर आणला, आणि मग ती वसाहत जोरात चालली. सिंगापूरच्या मंडळाला चिनी भाषा येत होती, पैसा होता, वरपर्यंत ओळख होती. तरी तालुका-जिल्ह्याच्या राजकारणापुढे त्यांचे काही चालले नाही. आपण तर दुभाष्याच्या तोंडाकडे बघत बसलेले असतो.

राज्य सरकारांची गत महापालिकांपेक्षा बरी, पण किती बरी ते २०२०ने दाखवले. मे २०१५ मध्ये बीजिंगला भारत आणि चीनच्या प्रांतिक नेत्यांचा पहिला मंच भरला, तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तिथे होते. सरकार बदलले, पण चिनी गुंतवणुकीची ओढ राहिली. १५ जून २०२० रोजी, टाळेबंदीमुळे दूरसंवादावर, उद्धव ठाकरे सरकारने ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ या गुंतवणूक मेळाव्याच्या दुसऱ्या फेरीत जे करार केले त्यांत तीन चिनी कंपन्यांशी संबंधित होते, एकूण सुमारे ५,०२० कोटींचे. त्यातला मोठा, ३,७७० कोटींचा, ग्रेट वॉल मोटर्सचा. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ती घेणार होती. त्याच रात्री गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान मारले गेले. आठवड्याभरात करार थंड्या बस्त्यात गेले.

गलवाननंतर दुसरे काही होणे शक्यही नव्हते आणि योग्यही नव्हते. मला खटकते ते त्याच्या आधीचे. शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची आगाऊ परवानगी लागेल, असा नियम १७ एप्रिल २०२० रोजीच आला होता. म्हणजे मुंबईत सही झाली तेव्हा त्या सहीला दिल्लीवाचून अर्थ नाही हे दोन महिने आधीपासून ठाऊक होते. तरी सोहळा झाला, आकडा छापून आला. ग्रेट वॉलने परवानगीची वाट पाहिली आणि २०२२च्या मध्यावर तो व्यवहार मुदत संपून पडला. तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. मधल्या काळात नोकरी गेलेल्या कामगारांशी कोणत्या भगिनी शहराने बोलायचे होते?

सीमेवर काही घडले की शहरांची मैत्री विरघळते, हे सगळीकडेच आहे. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला तेव्हा मस्कटीनची आठवण आयोवाच्या शेतकऱ्याला वाचवू शकली नाही. पण आयोवाच्या शेतकऱ्याने मधल्या वर्षांत माल विकला होता, गिऱ्हाईक ओळखले होते. नुकसान व्हायला त्याच्याकडे काहीतरी होते. आपल्या भगिनी शहरांच्या करारांवर गलवाननंतर किती परिणाम झाला, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर हे, की फरक कळण्याजोगे तिथे काही घडलेच नव्हते.

आता मॅग्लेव. ती लोंगयांग रोडवर कायम संपावी अशी योजना नव्हती. ती शहर ओलांडून हांगचौपर्यंत न्यायची होती. वाटेतल्या वस्त्यांमधल्या लोकांना चुंबकी लहरींची, आवाजाची आणि घराच्या घसरणाऱ्या किमतीची धास्ती वाटली. मोर्च्याला परवानगी मिळणार नव्हती. मग जानेवारी २००८ मध्ये एके शनिवारी हे मध्यमवर्गीय लोक, काही मुलाबाळांसह, पीपल्स स्क्वेअरला जमले आणि कोणी विचारले तर ‘फिरायला आलो आहोत’ असे सांगू लागले. तिथून ते नानजिंग रोडच्या बाजारपेठेत गेले. पोलिसांनी काहींना उचलले. पण वाढीव मार्गाचे काम सुरू झाले नाही, ते आजतागायत झालेले नाही.

शहराची ती प्रतिकृती, जिच्यापाशी आपली मंडळे फोटो काढतात, त्याच चौकात आहे. फिरायला आलेल्या त्या माणसांना मात्र तिच्यात जागा नाही, आणि पाहुण्यांच्या कार्यक्रमपत्रिकेतही नाही.